अर्धी पिशवी

ठकी पडली नाही. त्या सकाळपासून धाकटी मनाशी एवढंच घोकत होती. पडली नाही, पडली नाही. पाळण्याच्या कठड्यावरून उचलताना उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी काही कळ निघाली, की क्षणभर तो हात तिचा राहिलाच नाही. आठ महिन्यांचा गुबगुबीत गोळा बोटांतून सुटला, तिच्या पोटावरून घसरला, आणि तिने गुडघा वर घेऊन त्याला कसाबसा कठड्याशी दाबून धरला. ठकीला वाटलं, आईने नवा खेळ काढलाय. ती खदखदून हसली आणि पुन्हा कर म्हणून पाय झाडायला लागली.

धाकटी तिला घेऊन तिथेच जमिनीवर बसली. 

"काय झालं गं?" स्वयंपाकघरातून सासूबाई.

"काही नाही. ठकी हसतेय."

"ठकी हसतेय ते ऐकू आलं मला. तुला काय झालं ते विचारतेय."

सासूबाईंच्या कानांना भिंती आडव्या येत नसत. धाकटीने 'उशीर होतोय' म्हणून वेळ मारून नेली, पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि घराबाहेर पडली. पण कोपऱ्यावर जाऊन पुन्हा मागे आली आणि ठकीच्या डोक्याला कुठे टेंगूळ नाही ना, ते चाचपून गेली. मूळचा स्वभावच काळजीचा. पोर झोपली की नाकासमोर बोट धरून श्वास लागतो का बघणारी ही बाई. आता तिच्याच हाताचा भरवसा उरला नव्हता, तर ती कुणाकडे बघणार?

दुखणं आजचं नव्हतं. गेले काही आठवडे किल्ली फिरवताना, ओलं फडकं पिळताना, ठकीच्या झबल्याचं बटण लावताना मनगटाच्या कडेने ठणका उठायचा. सासूबाईंचं निदान तयार होतं : "बाळंतिणीच्या अंगात वारा शिरलाय. सांगत होते, गार पाण्यात हात घालू नकोस." धाकटीचं स्वतःचं निदानही तयार होतं : पोर अंग धरतेय, तेव्हा हात दुखणारच. एवढी सुदृढ पोर आपल्याला झाली याचा तिला थोडा अभिमानही होता. म्हणून ती दुखणं अंगावर काढत राहिली.

घरात ती धाकटी सून आणि कामावर सगळ्यांत शेवटी आलेली, त्यामुळे दोन्हीकडे धाकटीच. काम केकच्या दुकानात. पुढे काचेची लखलखीत कपाटं आणि मागे बिनखिडकीची थंडगार खोली, मधोमध पत्र्याचं लांब टेबल. त्या टेबलाभोवती चौघी जणी केक सजवत. मावशी सगळ्यांत जुन्या, खोलीच्या मुख्य. दुसरी रेडिओ. ती केकच्या कडेने क्रीमची वेलबुट्टी काढायची आणि तोंडाने अखंड बातम्या द्यायची. तिसरी मास्तरीण, कारण केकवर नावं आणि शुभेच्छा लिहायचं काम तिचं, आणि दुसऱ्याचं अक्षर वाईट दिसलं की तिला चैन पडत नसे. चौथी धाकटी, तिच्याकडे गुलाब. कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, त्यावरून रेडिओ म्हणायची, "खऱ्या गुलाबांवर पास झाली आणि खोट्या गुलाबांवर नोकरीला लागली!"

गुलाब करायचे क्रीमच्या पिशवीने. ही पिशवी म्हणजे एक मोठा कोन, टोकाला धातूची चोच. वरून क्रीम भरायचं, तोंड पिळून अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट धरायचं आणि मुठीने दाबायचं. एक दाब, एक पाकळी. क्रीम फ्रीजमधून काढलेलं, घट्ट, सहजासहजी हलायला तयार नसलेलं. त्याला दिवसभर मुठीने समजावत राहायचं.

त्या खोलीचा एक रिवाज होता. पिशवी गळ्यापर्यंत भरायची. नवी मुलगी आली की तिला अर्धी पिशवी मिळे, आणि ज्या दिवशी ती गच्च भरलेली पिशवी एका हाताने पेलून ओळीने पाकळ्या काढी, त्या दिवशी मावशी टाळ्या वाजवत. मग ती कारागीर. 'अर्धी' ही तिथली शिवीच होती. कुणाचं फूल फाटलं, अक्षर वाकडं गेलं, अगदी कुणी चहा सांडला तरी, "अर्धी आहेस गं तू!" बाळंतपणाची रजा संपवून धाकटी परत आली, तेव्हा मावशींनी मायेने तिच्यापुढे अर्धी पिशवी ठेवली होती. धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय नवी आहे का, मावशी?" म्हणून तिने ती पिशवी सगळ्यांसमोर गळ्यापर्यंत भरली. रेडिओने शिट्टी वाजवली होती. त्या क्षणी तिला फार बरं वाटलं होतं.

आज तीच पिशवी तिने पुन्हा गळ्यापर्यंत भरली. पहिल्या पाकळीला कळ, दुसरीला कळ. ती दात आवळून करत राहिली. डोळ्यांसमोर मात्र गुलाब नव्हताच, कठड्यावरून घसरणारी ठकी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने ठकीला कोपरांनी कवळा भरून उचललं, गवताचा भारा उचलावा तसं. नवरा कपडे बदलता बदलता ते बघत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. 'दिवसभर लोकांना वर-खाली करतो' असं स्वतःच सांगायचा आणि त्या विनोदाला दुसरं कुणी हसलं नाही तर स्वतःच हसायचा. आत्ता हसला नाही.

"सकाळी टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडलंस."

"मग?"

"आणि पोरीला अशी उचलतेस. अंगठा दुखतोय?"

त्यावर धाकटीने सकाळचं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. नवऱ्याला सुचणार ते त्याच्या कामातलंच.

"आमच्याकडे दोर तुटायला येतो ना, तो वजनाने नाही येत. वजन तर तो रोज पेलतोच. एकाच जागी घासून घासून झिजतो. वजन जास्त झालं की घंटी वाजते, तशी तुझी घंटी वाजतेय. काही लोक काय करतात माहितीय? घंटीची वायर काढून टाकतात."

"मी वायर काढलेली नाही."

"तू कानात बोळे घातलेत."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती दवाखान्यात गेली. मनात धाकधूक होतीच. हात दाखवून अवलक्षण तर नाही ना ओढवून घेणार? 'काम सोडा' म्हणाले तर? आणि 'पोरीला उचलू नका' म्हणाले तर? डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि तिला फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाई वयाने तिच्याएवढ्याच, केस वर बांधलेले, बोलणं तुटक.

"अंगठा मुठीत घ्या. आता मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा."

धाकटी ओरडली.

"ओरडलात ते बरं झालं, मला लिहायला सोपं पडतं. घरी लहान मूल आहे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खांद्यावर दुधाचा डाग आहे. हे घ्या मूल." त्यांनी कोपऱ्यातली उशी तिच्या हातात न देता समोरच्या खाटेवर ठेवली. "उचला, रोज उचलता तसं."

धाकटीने अंगठे ताठ पसरले, बाकीची बोटं पाठीमागे नेली आणि उशी काखांखाली धरल्यासारखी उचलली.

"आता काम दाखवा. काय करता?"

तिने टॉवेलची गुंडाळी केली, वरचं टोक अंगठ्याच्या बेचक्यात पिळून धरलं आणि दाबून दाखवलं. फिजिओबाईंनी तिचा हात हवेतच थांबवला.

"बघा. दोन्हीकडे एकाच अंगठ्यावर जोर. अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या इथे मनगटापाशी एका अरुंद म्यानातून जातात. तुम्ही त्यांना दिवसभर दुकानात घासता आणि घरी येऊन पुन्हा घासता. म्यान सुजलंय. वारा नाही, वात नाही, आणि बाळाच्या वजनाचा तर अजिबात दोष नाही."

"मग काम सोडू?" धाकटीचा आवाज चोरट्यासारखा निघाला. "कारण पोर तर मी सोडणार नाही."

"सोडा कोण म्हणतंय? पद्धत बदला. मूल असं..." त्यांनी दोन्ही तळवे वर करून सूप धरावं तसे पुढे केले. "एक हात बुडाखाली, एक पाठीखाली, अंगठे बोटांना चिकटलेले, मनगट सरळ. आधी त्याला छातीशी आणा, मग उठा. हा पट्टा मनगटाला बांधा. पण ऐका, पट्टा बांधून तोच जोर लावलात तर काही उपयोग नाही. कामावर मूठ कमी आवळायला लागेल, मध्येमध्ये थांबायला लागेल. कसं, ते तुम्हालाच शोधायचंय. मी केक फक्त खाते."

धाकटी बाहेर पडली, ती तळवे वर करून. रस्त्यावरचा एक म्हातारा आभाळाकडे पाहू लागला, पाऊस आला की काय म्हणून.

त्या दिवशी तिने पिशवी अर्धीच भरली. मनगटावरच्या पट्ट्यापेक्षा सगळ्यांच्या नजरा त्या पिशवीकडे आधी गेल्या.

"ही कोण नवी मुलगी आली गं?" मावशी टेबलाच्या टोकावरून म्हणाल्या. "कालपर्यंत तर इथे कारागीर बसत होती."

रेडिओ फिस्सकन हसली. मास्तरणीने 'शुभेच्छा'चा काना काढता काढता मान वर केली.

"हात दुखतोय, मावशी. भरलेली पिशवी जास्त आवळायला लागते. डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांनी कधी गुलाब केलाय? हात सगळ्यांचेच दुखतात. कामाचं दुखणं कामानेच जातं."

धाकटीने पिशवी उचलली. अर्ध्या पिशवीने मूठ अलगद मिटत होती, हे तिला पहिल्या गुलाबालाच कळलं. पण पिशवी लवकर संपायची, पुन्हा उठा, पुन्हा भरा. संध्याकाळपर्यंत तिचे गुलाब मागे पडले आणि रेडिओला तिच्यासाठी थांबावं लागलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "बघ बाई." त्या दोन शब्दांनी ती घरापर्यंत पोळत गेली. पण तिने सोडून द्यायचा विचार केला नाही. पाळण्याच्या कठड्याशी उभं राहून तळवे वर करताना ती स्वतःशी म्हणाली, पद्धत बरोबर आहे, कामाची मांडणी चुकतेय.

मग ती बघायला लागली. बघणं तिला येत होतं. पोरीवर नजर ठेवून ते अंगवळणी पडलं होतं. तेच डोळे तिने खोलीवर लावले, आणि आजवर रोज दिसत असूनही न दिसलेलं एकेक दिसायला लागलं.

सगळ्यांत आधी मोरी. पिशव्यांच्या धातूच्या चोची धुणं हे खरं तर कंटाळवाणं काम. कुठल्याही घरात भांडी घासायला अशी चढाओढ लागत नाही. इथे मात्र "मी धुते", "तू बस, मी धुते", "काल तू धुतल्यास" असं रोज चाले. धाकटीला आजवर तो एकमेकींचा मान राखणं वाटलं होतं. आता तिने नीट पाहिलं. धुवायला जाणारी बाई चोची केव्हाच धुऊन टाकायची आणि मग नुसतीच उभी राहायची, गरम पाण्याच्या धारेखाली मनगट धरून. रेडिओ तिथे बोलायचीसुद्धा नाही. मास्तरीण डोळे मिटून घ्यायची. चौघींचे हात दुखत होते, चौघींना ते गरम पाणी हवं होतं, आणि चौघी चोची धुतोय असं एकमेकींना सांगत होत्या.

मग मावशी. मावशी रोज कुणाकडून तरी एप्रनची गाठ मारून घेत. "पाठीला हात पोचत नाही गं, जाडी झाले." पण वरच्या फळीवरचा डबा काढायला तोच हात पोचायचा. त्यांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण कधीच बसवलेलं नसे, नुसतं ठेवलेलं, वरून फडकं बांधलेलं. दार त्या कोपराने उघडत. आणि गुलाब? गुलाब त्या आताशा करतच नव्हत्या. "तुम्ही करा, मी बघते," असं त्यांनी कधीपासून म्हणायला सुरुवात केली, ते कुणालाच आठवत नव्हतं.

एकदा दोघीच मोरीशी असताना धाकटीने नळ सोडला, पाणी सोसवेल एवढं गरम केलं आणि बाजूला झाली.

"धरा हात."

"चोची कुठायत?"

"चोची नाहीत, मावशी. नुसता हात धरा."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. चांगल्या रागावल्या होत्या. पण पाणी वाहत होतं, वाफ निघत होती, आणि शेवटी त्यांनी हात पुढे केला. अंगठ्याचं बूड फुगलेलं होतं, बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली होती, जणू अजून पिशवी धरलीय.

"हे कधीपासून?"

"तुला काय करायचंय?" त्यांनी हात उलटा करून धारेखाली धरला. मग मावशी पाण्याशी बोलल्यासारख्या बोलल्या. "मला शिकवणारी बाई, तिचा हात असाच होता. एक दिवस ती आलीच नाही. आम्ही म्हटलं, म्हातारी झाली. म्हातारी कसली, आत्ता माझं वय आहे तेवढीच होती. हात गेला म्हटलं की माणूस गेलं इथून. म्हणून बोलायचं नाही. कळलं?"

"न बोलून हात राहिला का?"

"फार शिकलीस."

"शिकले म्हणून नाही, मावशी. माझी पोर हातातून सुटली. गुडघा मध्ये आला म्हणून वाचली. रोज गुडघा कुठून आणू? मला माझी पोर उचलायचीय, आणि गुलाबही करायचेत. मी मालकांशी बोलणार आहे."

मावशींनी नळ कोपराने बंद केला. "बोल. पण माझं नाव घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

मालक माणूस वाईट नव्हता, पण कुणी समोर आलं की त्याची नजर आधी घड्याळाकडे जायची. त्याच आठवड्यात लग्नाचा चार मजली केक जायचा होता, वरपासून खालपर्यंत गुलाबांचा. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "चार मजले? लिफ्ट नाही बसवत?" मालकाला असलं काही सुचत नव्हतं. त्याच्या कपाळावर तो केक आधीच उभा राहिला होता.

"अर्ध्या पिशव्या? मग भरण्यातच दिवस जाईल."

"नाही जाणार. सकाळी आल्या आल्या सगळ्या पिशव्या अर्ध्या भरून उंच भांड्यांत उभ्या करून ठेवू. एक संपली की दुसरी उचलायची. क्रीम फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवू, इतकं की दाबलं की येईल आणि पाकळी ढासळणार नाही. आणि दिवसभर एकीने एकच काम करायचं नाही. मी गुलाब केले की पानं करेन, रेडिओ गुलाबांना हात लावेल, मास्तरीण क्रीम भरेल. केक ठेवतो त्या फिरत्या थाळीखाली लाकडी खोकं ठेवलं तर मनगट वाकवायला लागणार नाही."

"हे सगळं लग्नाच्या केकवर करून बघायचं?"

"त्याच केकवर हात सगळ्यात जास्त दुखणार आहेत."

मालकाने पेन टेबलावर आपटत आपटत विचार केला. "मावशींचं काय म्हणणं?"

इथे धाकटी अडली. एक वाक्य पुरलं असतं. मावशींना डब्याचं झाकण लावता येत नाही, एवढं म्हटलं असतं की मालकाचं पेन थांबलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं, आणि तिने ते गिळलं.

"मावशींचं मावशी सांगतील. मी माझ्या हाताचं सांगतेय. तो असाच चालला तर दोन महिन्यांनी तुम्हाला गुलाब करणारी दुसरी शोधावी लागेल, आणि तिला तयार करायला मावशींना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल."

मालकाने आत हाक मारली. मावशी दारात आल्या, दोन्ही हात एप्रनखाली. त्यांनी धाकटीच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, हिने सांगितलं की नाही. धाकटीने 'नाही' म्हणून मान हलवली, इतकीशी.

"काय हो मावशी, ही म्हणते ते जमेल?"

मावशींनी मालकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "करू दे एक दिवस. नाही जमलं तर मीच गळ्यापर्यंत भरलेली पिशवी तिच्या हातात देईन."

"आणि जमलं तर?"

"जमलं तर बघू. आधीच कशाला नाचायचं?"

केकच्या दिवशी सकाळी चौघींनी पिशव्या भरल्या. भांड्यांत ओळीने उभ्या असलेल्या त्या अर्ध्या, मऊ पिशव्या बघून रेडिओ म्हणाली, "शाळेतल्या पोरींची रांग वाटतेय. सगळ्यांना अर्धी सुट्टी!" मास्तरणीने खोकं थाळीखाली सरकवलं आणि पहिल्यांदाच खांदे न उचलता 'चिरंजीव' लिहिलं. लिहून झाल्यावर लांबून पाहिलं. "वेलांटी चांगली आली," ती जराशा आश्चर्याने म्हणाली.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. क्रीम पहिल्या खेपेला जास्तच वेळ बाहेर राहिलं आणि गुलाबांनी माना टाकल्या. ते परत फ्रीजमध्ये गेलं. रेडिओचे पहिले गुलाब कोबीसारखे दिसत होते. "कोबी नाही, फ्लॉवर," मास्तरीण म्हणाली. रेडिओने ते मागच्या बाजूला लावले, भिंतीकडे. दुपारी घाई वाढली तशी सवयीने तिने एक पिशवी गळ्यापर्यंत भरली. ती उचलली, एक पाकळी काढली, आणि थांबली. ती पुन्हा निम्मी रिकामी केली आणि पुढची पाकळी काढली. "अहाहा," असं काहीतरी तिच्या तोंडून निघालं. रेडिओवर इतकी छोटी बातमी त्या खोलीत कुणी ऐकली नव्हती.

मध्येमध्ये धाकटी, दवाखान्यातल्या बाईंचं नाव सांगून, सगळ्यांना थांबवायची. "हात खाली सोडा. बोटं पसरा. खांदे." पहिल्यांदा सगळ्या वैतागल्या. दुसऱ्यांदा मास्तरणीने घड्याळ बघून स्वतःच आठवण केली. दिवस कलताना धाकटीचा अंगठा ठणकत होताच, नव्हता असं नाही. पण तो ठणका आता आवाक्यातला होता. घंटी होती, पण दूर वाजणारी.

तिसरा मजला उरला असताना, टेबलाच्या टोकाला उभ्या मावशी भांड्यापाशी आल्या. त्यांनी एक अर्धी पिशवी उचलली, डाव्या हाताने खालून आधार दिला, उजवी मूठ नुसती ठेवल्यासारखी ठेवली. एक पाकळी. दुसरी. गुलाब उमलत गेला, आणि धाकटीला कळलं की आपण आजवर केले त्यांना गुलाब म्हणायला हरकत नाही, पण हा निराळा आहे. तिघींनी आपापलं काम सोडलं नाही. बघितलं मात्र सगळ्यांनी.

"बघत काय बसलात?" मावशी मान वर न करता म्हणाल्या. "अर्ध्या कुठल्या."

हे ऐकून रेडिओ अशी हसली की तिच्या हातातली पानांच्या क्रीमची पिशवी टेबलावरच फुटली.

संध्याकाळी मालक आला. त्याने केकला चारही बाजूंनी फेरी मारली, मागचे फ्लॉवर बघून भुवया वर केल्या आणि ते मुकाट्याने भिंतीकडेच राहू दिले. मग त्याची नजर टेबलाखालच्या भांड्याकडे गेली. दमलेल्या हातांकडून फाटलेले गुलाब खरवडून त्यात टाकायचे. मोठी ऑर्डर असली की संध्याकाळी ते काठोकाठ भरलेलं असे. आज त्याच्या तळाशी सकाळचे माना टाकलेले गुलाब तेवढे होते.

"हे आज कुणी रिकामं केलं?"

"कुणी नाही," मास्तरीण म्हणाली. "भरलंच नाही."

मालकाने घड्याळाकडे पाहिलं, मग भांड्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. "उद्याही असंच करून बघा," तो म्हणाला. "परवाचं परवा."

धाकटीला तेवढं पुरे होतं. परवाचं ती परवा बघणार होतीच. खोकी अजून तीन हवी होती, आणि रेडिओला गुलाब शिकवायचे होते. एप्रन काढून ती निघाली, तर दाराशी मावशी. धाकटीच्या मागोमाग बाहेर येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"त्या तुझ्या दवाखान्यातल्या बाई. कुठल्या खोलीत बसतात?"

"मी येते तुमच्याबरोबर."

"कशाला? मी काय नवी आहे का?" असं म्हणून मावशी थांबल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "बरं. ये."

घरी पोचली तेव्हा ठकी पाळण्यात उभी होती, दोन्ही हातांनी कठडा धरून, नुकतीच शिकलेली विद्या दाखवत. नवरा तिला उचलून द्यायला वाकला.

"थांब. मी उचलते."

"नक्की?"

"तू बघ फक्त. आणि तूही असंच उचलायला शीक, तुझेही अंगठे फुकटचे नाहीत."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मते वारा अजून गेलेला नव्हता, पण त्या नुसत्या बघत राहिल्या.

धाकटी कठड्याच्या अगदी जवळ गेली. तळवे वर. अंगठे बोटांना चिकटलेले. एक हात बुडाखाली गेला, एक पाठीखाली. भीती होतीच, ती काही एका दिवसात जाणार नव्हती. तिने आधी ठकीला जवळ घेतलं, छातीशी, आणि मग हळूहळू सरळ झाली. मनगट सरळ राहिलं. अंगठा कुरकुरला आणि गप्प बसला. हात तिचाच होता.

ठकी वाट बघत होती. तिला तो खेळ आठवत असावा, सुटण्याचा, घसरण्याचा, गुडघ्याचा. तिने पाय झाडले, आईकडे पाहिलं, पुन्हा पाय झाडले.

"नाही गं बाई," धाकटी म्हणाली. "तो खेळ बंद झाला."

ठकीने क्षणभर ओठ काढला. मग तिचं लक्ष मनगटावरच्या पट्ट्याकडे गेलं, आणि खेळ गेला तर गेला म्हणून ती त्याचं टोक चघळायला लागली.